दोन पंतप्रधान, एक बरणी आणि एफ्तेर्पीची ताटली

स्मराग्दाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा, एक नवरा आणि एक ताटली होती. नवरा बिचारा शांत, आरिस्तोस नावाचा. चार-पाच वर्षांत गेला. बॅगांची चामडी निघाली. ताटली मात्र काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यात उभी राहिली, निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली. तिच्यात बाईंनी कधी दोन ऑलिव्हसुद्धा वाढले नाहीत.

"वापरत का नाही हो ही?" मी एकदा विचारलं. मी खालच्या मजल्यावरची, त्यात भोचक.

"माझी नाही ती. एफ्तेर्पीची आहे."

एफ्तेर्पी म्हणजे त्यांची थोरली बहीण, राहणार शहरात. आम्हा ग्रीकांमध्ये नुसतं 'शहर' म्हटलं की एकच शहर. नकाशावर त्याला इस्तंबूल म्हणतात, पण स्मराग्दाबाईंसमोर तसं म्हणायची छाती अथेन्सच्या आमच्या अख्ख्या फालिरो वस्तीत कोणाची नव्हती. त्या तिथल्याच जन्माच्या. मग दोन सरकारांचं बिनसलं आणि ज्यांच्याकडे ग्रीक पासपोर्ट त्यांनी चालू पडावं असा तिथे हुकूम निघाला. आरिस्तोसकडे ग्रीक पासपोर्ट, म्हणून बाई निघाल्या. एफ्तेर्पीचा नवरा तिकडचा नागरिक, म्हणून ती राहिली. एका आईच्या दोन मुली अशा दोन देशांत वाटल्या गेल्या.

स्टेशनात सामान तोलून घेत होते. माणशी वीस किलो, त्याच्या वर एक रुमालही नाही. बाईंचा काटा बरोबर भरला आणि तेवढ्यात एफ्तेर्पी धापा टाकत आली. हातात ही ताटली, तीत गरम चीजच्या पुऱ्या, वर फडकं. काट्याजवळच्या जकातदाराने फडकं उचललं, वास घेतला आणि म्हणाला, "जेवणाचं वजन धरत नाही मी. जा."

पुऱ्या सीमा यायच्या आतच संपल्या. ताटली अथेन्सला आली, आणि तिथून बाईंच्या जिवाला घोर लागला. शेजारणीने भरून दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आमच्या गावाकडेही नाही करत. पण आम्ही खेड्यातली माणसं, झाडाचं एखादं लिंबू टाकून मोकळे होतो. शहरवाल्यांमध्ये ते तोलामोलाचं लागतं. रिकामं भांडं परत आलं म्हणजे समजायचं, संबंध संपला. आणि इथे तर भांडं परत करायचीच सोय नव्हती. एफ्तेर्पी इकडे आली तर तिला परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. दरवर्षी बाई हातमोजे घालून तुर्की वकिलातीत जायच्या, अर्ज द्यायच्या आणि दरवर्षी उत्तर यायचं: तुमचं नाव हद्दपारांच्या यादीत आहे, परवाना मिळणार नाही. टपालाने पाठवा म्हटलं तर माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी त्यांच्या बहिणीला पार्सल करायला सांगितलंय.

"ताटली हातातून हातात जाते, गारुफालिया. तुमच्या गावात नसेल जात."

आमचं गाव काढल्याशिवाय बाईंचा दिवस मावळत नसे. माझ्या स्वयंपाकाला त्या 'पोट भरण्याची सोय' म्हणायच्या. मांसात दालचिनी नाही, भातात मनुका नाहीत, अथेन्सच्या माणसाला जीभ दिलीच कशाला देवाने? मीही काही कमी नव्हते. "बाई, एवढी चव होती तर तिथून हाकललं कशाला?" असं एकदा बोलून गेले. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दालचिनी घातलेल्या मांसाचं भांडं घेऊन खाली आल्या. ते भांडं परत करताना मी नुसतं लिंबू टाकून मोकळी झाले नाही, एवढं सांगते.

आता त्यांच्या नोकरीचं सांगते, कारण मलाही तिथे त्यांनीच चिकटवलं. पंतप्रधानांच्या खासगी कचेरीत त्या तुर्कीच्या भाषांतरकार आणि मी टायपिस्ट. एका वर्षी समुद्रातल्या एका खडकावरून, जिथे शेळीसुद्धा चरायला जायची नाही, दोन्हीकडची जहाजं समोरासमोर आली. लढाई थोडक्यात हुकली. त्यानंतर आमच्या पंतप्रधानांनी काय मनात घेतलं कोण जाणे, पलीकडच्या पंतप्रधानांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. मंत्र्यांना दाखवलं नाही. पलीकडून उत्तर आलं तेही हाताने लिहिलेलं. मग ते चालूच राहिलं. पत्र यायचं, बाई वाचून ग्रीकमध्ये सांगायच्या, मी टाइप करायची. आमच्या साहेबांचं उत्तर बाई तुर्कीत करायच्या आणि मूळ पत्रासोबत ते सीलबंद थैलीतून जायचं.

पहिली दोन पत्रं इस्त्री केल्यासारखी कडक होती. तिसऱ्यात पलीकडच्यांनी सहज लिहिलं की गुडघा दुखतो, जिना चढवत नाही. आमच्या साहेबांनी उलट टपाली स्वतःच्या गुडघ्याची कर्मकहाणी लिहिली. पेपरात दोघं एकमेकांवर डोळे वटारत होते आणि पत्रांत दोघांचे गुडघे दुखत होते. मी टाइप करताना हसायची, बाई टेबलावर पेन्सिल आपटायच्या.

"हसायला काय झालं? गुडघा हा दोन देशांमधला पहिला करार आहे."

"मग बाई, त्या करारात आपली एक ओळ घाला की! 'ता. क. आमच्या भाषांतरकार बाईंना बहिणीला भेटायचंय.' कोणाला कळणार आहे?"

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता खरं बोलणार.

"दुसऱ्याच्या पत्रात माझं गाऱ्हाणं? आई म्हणायची, भुकेनं जीव गेला तरी पाहुण्याच्या ताटात हात घालू नये. मी मरेन ती ताटली कपाटात ठेवून, पण हे करणार नाही."

त्यांचे डोळे मात्र ओले होते. एफ्तेर्पी सत्तरीला आली होती. शेवटच्या पत्रात तिने लिहिलं होतं की शहरालगतच्या बेटावरच्या घरातून बोटीच्या धक्क्यापर्यंत चालत गेले की दम लागतो. आता उरलेल्या दिवसांत ताटली जाणार की नाही, एवढाच प्रश्न बाईंच्या आयुष्यात शिल्लक होता.

तर अशात एके दिवशी पत्राबरोबर बरणी आली. सुरेख कापीव काचेची, चांदीचं झाकण, आत गुलकंद. पत्रात लिहिलं होतं, घरचे गुलाब, बायकोने केलाय, चमचाभर खाऊन वर पाणी प्या.

आमच्या कचेरीचे प्रमुख व्राहनोस साहेब. कॉलरला कधी सुरकुती नाही आणि मनाला कधी इस्त्री नाही असा माणूस. त्यांनी बरणीकडे बॉम्बसारखं पाहिलं आणि ती तडक प्रयोगशाळेत धाडली. विष आहे का बघा! तिथल्या लोकांनी बघितलं. इतकं मन लावून बघितलं की अहवाल आला तेव्हा गुलकंद चाटून-पुसून संपला होता. 'अपायकारक काही आढळले नाही.' मग व्राहनोस साहेबांनी नियम काढला, की चांदीची वस्तू परराष्ट्राकडून ठेवून घेता येत नाही, बरणी धुऊन पुढच्या थैलीतून परत करा.

"रिकामी?" बाईंनी विचारलं.

"मग काय माती भरून?"

"साहेब, रिकामी बरणी परत नाही करत."

"बाई, हे राष्ट्र आहे, चाळ नाही!"

बाईंनी बरणी उचलली. बरणी नीट बांधायला कचेरीत चांगला खोका नाही असं म्हणून घरी घेऊन आल्या. त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात कडू संत्र्यांचा वास सुटला. मी वर गेले तर बाई बाह्या सरसावून स्वयंपाकघरात. आपल्या बेगमीतला कडू संत्र्यांच्या सालींचा मुरंबा त्यांनी पुन्हा एकदा उकळला होता आणि सालीची एकेक गुंडाळी चिमट्याने उचलून बरणीत रचत होत्या. वर सुगंधी जिरेनियमचं एक पान ठेवलं. ते पान ही शहरवाल्यांची खूण. आम्हाला कोणाला ते सुचायचं नाही.

"बाई, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. लढाई गुडघ्यांवर थांबलीय, आणि हा बाबा रिकामी बरणी पाठवून ती परत सुरू करील. तो दोरा दे इकडे."

मी दोरा दिला. म्हणजे गुन्ह्यात मीही होतेच.

पुढचं पत्र आलं तेव्हा बाई नेहमीसारख्या माझ्या शेजारी बसल्या आणि वाचून सांगू लागल्या. हवामान, गुडघा, नातवाला गोवर. मग एकदम थांबल्या.

"काय झालं?"

"टाइप कर," त्या म्हणाल्या. "'तुम्ही पाठवलेला मुरंबा आम्ही दोन दिवसांत संपवला. शेवटचा चमचा कोणी खाल्ला यावरून माझं आणि बायकोचं बोलणं बंद आहे. तुमच्या घरातल्या ज्या हातांनी तो केला, त्या हातांना माझा नमस्कार सांगा.'"

मी बोटं मशीनवरून उचलली. "बाई, गाळा ही ओळ. देवाची शपथ, गाळा. व्राहनोस वाचेल तर आज संध्याकाळपर्यंत तुम्ही रस्त्यावर! मग परवान्याचा अर्ज तरी कोण घेणार तुमचा?"

"मी आजवर कोणाचा स्वल्पविरामही गाळला नाही. चोरी मी मुरंब्याची केली, शब्दांची नाही करणार. टाइप कर."

केलं टाइप. अर्ध्या तासात बोलावणं आलं. खोलीत पंतप्रधान खुर्चीत, एक पाय स्टुलावर ठेवलेला, आणि शेजारी व्राहनोस साहेब, लालबुंद. मी दाराशीच उभी राहिले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कोणी म्हणालं नाही.

"बाई," पंतप्रधान म्हणाले, "माझी आई जाऊन दहा वर्षं झाली, बायकोला अंडं उकडता येत नाही. मी या माणसाला मुरंबा कधी पाठवला?"

"मी पाठवला, साहेब. माझ्या घरचा."

"राजनैतिक थैलीतून!" व्राहनोस ओरडले. "तपासणी न करता! उद्या त्यांचा पंतप्रधान पोट धरून बसला असता तर?"

"माझ्या मुरंब्याने?" बाईंचा स्वर असा चढला की व्राहनोस एक पाऊल मागे सरले. मग त्या पंतप्रधानांकडे वळल्या. "साहेब, बरणी रिकामी चालली होती. चूक माझी आहे, शिक्षा द्या. पण रिकामी जाऊ दिली असती तर मला झोप लागली नसती."

पंतप्रधान खुर्चीत जरा पुढे सरकले. मग व्राहनोसकडे पाहून हळूच म्हणाले, "रिकामी पाठवत होतास?"

"नियम आहे, साहेब."

"अरे, आईने मला चपलेने झोडलं असतं! शेजाऱ्याची बरणी रिकामी? माझ्या नावाने?" आणि ते हसायला लागले. गुडघा हलल्याने कळ आली, तरी हसतच राहिले. "बाई, आणखी आहे का हो तो मुरंबा? मला एक चमचा कोणी दिलेला नाही अजून."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेऊन दिला. पण खरी गंमत पुढे झाली. पंतप्रधान म्हणाले, न केलेल्या मुरंब्याचं श्रेय घेऊन मी त्या माणसाला फसवणार नाही. त्यांनी पत्रात खरं ते लिहिलं, की मुरंबा माझ्या घरचा नव्हे, आमच्या भाषांतरकार बाईंचा, मूळच्या शहरातल्या, आणि अशी करारी, गुणी, तेजस्वी बाई मी पाहिली नाही. ते पत्र तुर्कीत करायला आलं अर्थात बाईंकडेच.

"साहेब, हे 'तेजस्वी' काढा."

"का? चूक आहे?"

"स्वतःला तेजस्वी म्हणून मी लिहिणार नाही. माणसाला लाज असते."

"तुम्ही गाळत नाही ना काही? मग लिहा!"

बाई तोच शब्द घोळवून घोळवून भांडल्या. शेवटी लिहिलं, पण कान लाल झाले होते. बहिणीबद्दल, ताटलीबद्दल त्यांनी साहेबांना तेव्हाही चकार शब्द सांगितला नाही. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते, पण बाईंनी दारातच माझा दंड असा दाबला की आठवडाभर वळ होता.

उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा अथेन्सचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं आणि मी सँडविच खात होते. बाईंनी चष्मा लावला.

"टाइप कर. 'बरणीवरचं ते पान पाहताच बायको म्हणाली होती, हे हात आपल्या शहरातले आहेत. तुमच्या पत्राने तिचं खरं ठरलं आणि मी पैज हरलो. मी इथल्या लोकांना विचारलं. या बाई इथून कशा गेल्या ते मला कळलं. त्यांच्या बहिणीचं घर बेटावर आहे, तेही कळलं.'" बाईंनी मधेच एक श्वास घेतला. "'आता पाळी माझी आहे. पण या खेपेला बरणी पाठवत नाही, कारण जे द्यायचं आहे ते बरणीत मावत नाही. बाईंचं नाव यादीतून काढलं आहे. परवाना सोबत जोडला आहे. त्यांनी हवं तेव्हा यावं.'"

मी 'यावं' टाइप केलं आणि मान वर केली. बाईंनी चष्मा काढला होता. त्या रडत नव्हत्या. कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, जसं कोणी गरम भांडं धरावं.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे त्यांचा गुडघा आहे," त्या म्हणाल्या आणि मग मात्र रडल्या. मीही रडले. सँडविच कुठे गेलं देव जाणे.

वाटलं, बाई त्याच आठवड्यात निघतील. कसल्या निघताहेत! ताटलीत न्यायचं काय? फालिरोतल्या झाडून साऱ्या शहरवाल्या बायका सल्ले द्यायला लोटल्या. चीजच्या पुऱ्या? तिनेच दिलेलं तिलाच परत? मुरंबा? तो एफ्तेर्पी डोळे मिटून करते. भरलेल्या शिंपल्या? उन्हात वास मारतील. बाईंनी करून पाहिलं, चाखलं, आणि ते सगळं माझ्या घरी आलं. माझा नवरा दोन किलो वाढला.

एका सकाळी बाई खाली आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात, जिथे त्या कधी बसत नसत, खुर्ची ओढून बसल्या.

"गारुफालिया, तुमच्या गावात लग्नाला ते काहीतरी करतात ना? पातळ लाटून तळलेलं, मधात बुडवलेलं?"

"दिप्लेस? अक्रोड भुरभुरवून? ते तर तुम्ही 'मधातली चिंधी' म्हणता!"

"म्हणते. कर तेच."

"बाई, थट्टा करताय का?"

"शहरात जे मिळतं ते न्यायला मी शहरात कशाला जाऊ?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी कुठे राहिले, कोणाच्या शेजारी राहिले, ते तिला कळायला नको का?"

माझ्या जन्मात कोणी माझ्या हाताचं एवढं कौतुक केलं नव्हतं, आणि करणारी बाई म्हणजे ही! त्या दिवशी पीठ मळताना माझे हात नाचत होते. लाटलं आईसारखं, पलीकडचं दिसेल इतकं पातळ. बाई शेजारी उभ्या राहून "तेल तापू दे, घाई कसली?" म्हणत होत्या, म्हणजे सगळं ठीक होतं.

ताटली धरायला म्हणून मलाही नेलं. विमानात ती माझ्या मांडीवर, वर पांढरं फडकं. मग बोट. बेटाच्या धक्क्यावर उतरलो तर समोर एक बुटकी, जाडसर म्हातारी काठी टेकून उभी. नाक अगदी बाईंचं. बाईंनी माझ्या हातातून ताटली घेतली आणि चालू लागल्या. मी मागे थांबले.

दोघी समोरासमोर आल्या. एफ्तेर्पीने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. काठी काखेत धरली, फडकं उचललं, एक दिप्ला तोडून तोंडात टाकला आणि चावला.

"हे काय गं?"

"माझ्या शेजारणीने केलंय."

"मध जास्त झालाय."

"तिला सांगितलं होतं मी," बाई म्हणाल्या.

मग एफ्तेर्पीने मधाळ बोटांनी बहिणीचा चेहरा धरला. धक्क्यावरचे कोळी बघत राहिले. दोघी एकदम बोलत होत्या, एकदम रडत होत्या, मधेच हसत होत्या, आणि त्या सगळ्यात ताटली तेवढी सरळ धरलेली होती, एक तुकडाही खाली पडला नाही.

आम्ही दहा दिवस राहिलो. एफ्तेर्पीने माझ्याकडून दिप्लेस शिकून घेतले, मध कमी घालून, आणि ते माझ्यापेक्षा चांगले झाले असं मला ऐकवलंही. निघताना धक्क्यावर ती पुन्हा मागून धापा टाकत आली. हातात तीच ताटली, वर तेच फडकं, खालून वाफ.

"अगं, आता कशाला?" बाई म्हणाल्या.

"रिकामी कशी देऊ?" एफ्तेर्पी म्हणाली. "आणि लवकर परत आण. या खेपेसारखं करू नकोस."

चीजच्या पुऱ्या विमान उतरायच्या आत संपल्या. निम्म्या मीच खाल्ल्या. घरी आल्यावर बाईंनी ताटली धुतली, पुसली. मी कपाटाचं दार उघडून धरलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी ती दाराजवळच्या छोट्या टेबलावर ठेवली, जिथे शेजाऱ्यांची परत द्यायची भांडी ठेवतात.